एक ओळ, एक कोयता

२०२३ साल. मी तेव्हा सत्तर वर्षांचा होतो. शाळा दुसरीपर्यंत झाली, पुढं हातात कोयता आला. शिरूर कासारकडून दरसाल ऊस तोडायला जाणाऱ्यांतला मी. आता गुडघे गेले म्हणून घरी बसतो. डोकं गेलेलं नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण कॉलेजातल्या सरांना तसं वाटलं होतं.

माझी नात बीडला कॉम्प्युटर शिकते. तिच्या कॉलेजात एक स्पर्धा झाली, कोड गोल्फ म्हणतात तिला. कॉम्प्युटरला एकच काम सांगायचं, पण कमीत कमी अक्षरांत. ज्याचा प्रोग्राम सगळ्यात लहान तो पहिला, आणि पहिल्यालाच कॉलेज पुण्याच्या मोठ्या स्पर्धेला पाठवणार. उसाचं पाचट सोलावं तसं पोरीनं एकेक अक्षर सोलून काढलं होतं. तरी दुसरी आली.

पहिल्या आलेल्या पोराचा प्रोग्राम एका ओळीचा. कसा, तर त्यानं सगळं काम दुसऱ्या फाईलीत लिहून बाजूला ठेवलं होतं. ओळ फक्त म्हणत होती, ती फाईल आण आणि चालव. सरांनी ओळ मोजली. बाजूची फाईल मोजलीच नाही.

"तुला न्हाई सुचलं का हे?" मी पोरीला विचारलं.

"सुचलं होतं आबा. पण ती लबाडी वाटली."

ती नको म्हणत असताना मी बीडची गाडी धरली. सर तरुण होते. खुर्ची दिली, चहा मागवला.

"ती बाजूची फाईल काढून घेतली तर ओळ चालंल का?" मी म्हणालो.

"नाही चालणार."

"मग मोजली कावून न्हाई?"

"बाबा, मुख्य फाईलच मोजायची, हा नियम आधीच सांगितला होता. आणि खरं सांगा, तुम्हाला यातलं काय कळतं?"

"न्हाई कळत. जिच्याबिगर काम होत न्हाई ती मोजावी, एवढं कळतं."

सर हसले. चहा घ्या म्हणाले. मी घेतला नाही. निकाल तसाच राहिला.

संध्याकाळी चुलीपाशी बसून मी हे सगळं मोठ्या आवाजात सांगितलं. बायको भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"मला कोणी मोजलं?" ती म्हणाली.

"तुजा काय संबंध?"

"तुमी तोडायचे. सोलायची, मोळी बांधायची, डोक्यावर गाडीपतोर न्यायची कोण? मुकादम इचारायचा, किती कोयते. तुमी म्हणायचे, एक."

"नवरा-बायको मिळून एक कोयता, रीतच हाय ती. समदेच म्हणायचे."

"मग सर बी तेच म्हनले की. नियम हाय."

नात तोंडाला ओढणी लावून हसली. निकालानंतर पहिल्यांदाच हसली, आणि तेही माझ्यावर. मी ताटावरून उठलो. अजूनही म्हणतो, माझं आणि सरांचं एक नाही. मोजणारा मुकादम होता, मी नुसतं त्याला सांगायचो. सरांच्या वर कोण होतं? मोजणारे तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम दारात आला. दसरा जवळ आलेला, त्यामुळे टोळी जमवत हिंडत होता. आमच्या घरातून आता लेक आणि सून जातात. लेक बाहेर गेला होता, सून अंगण झाडत होती.

"काय काका, तुमचा एक कोयता धरू ना?"

"दोन माणसं धर."

"एकच झालं की ते."

"न्हाई. दोन. ही जी झाडतीया ती एक, आन् तिचा नवरा एक."

झाडणं थांबलं. मुकादम हसला, अगदी सरांसारखाच.

"लई ऊन लागलं वाटतं म्हाताऱ्याला. एक कोयता," तो म्हणाला आणि पुढच्या घराकडं निघाला.

मी काठी घेतली आणि त्याच्या मागोमाग गेलो. पुढच्या दारात, लोकांसमोर, सुनेचं नाव घेऊन पुन्हा सांगितलं, दोन.