लिंबातली कडी

होस्टेलमागे सुतार कडुलिंब चिरायला लागला की ओल्या भुशाच्या कडवट वासाने मला पेडगावचं शेत आठवतं. वादळात पडलेल्या लिंबाच्या फळ्या पाडायला ट्रॅक्टरमागे जोडून फिरती करवत आली होती. नव्या घराचं दार त्यातूनच व्हायचं होतं. “खोडात लोखंड न्हाई ना? पातं तुटलं तर दाराला पडदाच लावा,” करवतवाला म्हणाला. “शेतातल्या झाडात कुठलं लोखंड?” वडील हसले. करवत सुरू होताच आई धावली. “थांबा दादा! कडी हाय आत. कापूस येचताना हिची झोळी बांधायला मीच ठोकलेली,” ती माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली. सालीने कडी केव्हाच गिळली होती. आईने चाचपत जागा दाखवली, त्याने तेवढा तुकडा वेगळा कापला. दार झालं. तो तुकडा आईने चुलीत घातला नाही. आता तो माझ्या टेबलावर आहे. आतली कडी मी अजून पाहिलेली नाही.