हवेत थांबलेलं बोट

प्रश्न वाचून झाला की ताई उजव्या हाताची तर्जनी कीबोर्डच्या वर, हवेत धरून ठेवायच्या. फोनवर पलीकडचा माणूस खोकला, उसासा टाकला, बायकोशी दोन शब्द बोलून आला, तरी बोट हवेतच. तुम्ही-आम्ही एव्हाना "म्हणजे पसंत धरू का?" असं विचारून मोकळे झालो असतो. त्या थांबायच्या.

सिडनीतल्या पॅरामॅटा स्टेशनजवळ, एका डेंटिस्टच्या वरच्या मजल्यावर आमचं कॉल सेंटर होतं. काम जनमत चाचण्यांचं. त्या वर्षी मोठं गिऱ्हाईक अमेरिकेतलं होतं. अध्यक्ष ज्या पद्धतीने काम करतायत ते लोकांना पसंत आहे की नापसंत, हे फोन करून विचारायचं. सिडनीची सकाळ म्हणजे तिकडची आदल्या दिवशीची संध्याकाळ, माणसं घरी सापडायची वेळ. म्हणून ते काम आमच्याकडे आलेलं.

बँकेतली माझी आयटीची नोकरी गेली होती. पंचेचाळिशीत मी तिथे कॅज्युअल म्हणून, तासाच्या पगारावर लागलो. ताई साठीच्या. पुण्याच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या आणि मुलाकडे राहायला आलेल्या. बाकीचे त्यांना आंटी म्हणत, मी ताई. गळ्यातलं नावाचं कार्ड त्या जेवतानाही काढत नसत.

"अरे, बिल्डिंगमध्ये मी अमक्याची आई, डे-केअरला तमकीची ग्रॅनी. या देशात माझं नाव लिहिलेली ही एकच वस्तू आहे."

एकदा टेक्ससच्या एका गृहस्थाने त्यांना विचारलं, कुठून बोलताय? ताई म्हणाल्या, "सिडनी, सर. इथे उद्या उजाडलाय." तो म्हणाला, मग सांगा की, आमच्या अध्यक्षांचं पुढे काय होणार? "उद्या आलाय सर, पण तुमचं मत अजून आलेलं नाही." तो इतका हसला की त्याने सगळे प्रश्न पूर्ण केले.

त्यांचं स्वतःचं मत मात्र कधी कळलं नाही. चहाच्या सुट्टीत मी खोदून विचारलं, तर म्हणाल्या, "मला कुठे फोन आलाय?"

दोन चौकटींबाबत त्या फार कडक होत्या. उत्तरांच्या यादीच्या तळाशी 'माहीत नाही' आणि 'उत्तर देण्यास नकार' अशा दोन चौकटी असायच्या. आम्ही घाईत कुठलीही टिचकवायचो. ताई चिडायच्या. "ज्याला माहीत नाही तो वेगळा, आणि माहीत असून सांगत नाही तो वेगळा. जनगणनेला दारोदार हिंडलेय मी. दार बंद असलं तर त्या घरात आपल्या मनाने माणसं भरायची नसतात."

आता जे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही, ते सांगतो.

एका शुक्रवारी माझं लॉगिन अडकलं. ताई नातीला डॉक्टरकडे न्यायला लवकर निघाल्या होत्या. माझी शिफ्ट बुडेल म्हणून, नियमात बसत नसतानाही, म्हणाल्या, "माझ्या लॉगिनवर बस. पण नीट बस." वर थालीपिठाचा स्टीलचा डबा माझ्या हातात दिला. त्या दिवशी कुणी धड बोलेना. एक आजोबा "ताट वाढलंय" म्हणून मधेच उठले. आणखी तिघांनी फोन आपटले. आणि मी त्या चौघांची उरलेली उत्तरं मनाने भरली. आजोबांचा आवाज तिरसट होता, म्हणून त्यांना 'नापसंत' टाकलं. थालीपीठ खात खात.

सोमवारी कंपनीकडून त्याच लोकांना पडताळणीचे फोन गेले. आजोबा म्हणाले, अध्यक्षांच्या प्रश्नापर्यंत मी पोचलोच नव्हतो. चारही मुलाखती ताईंच्या नावावर होत्या.

सुपरवायझरची काचेची केबिन माझ्यापासून दोन खुर्च्यांवर होती. दार उघडं होतं. त्याने ताईंना विचारलं, तुमच्या लॉगिनवर कोण होतं?

ताई थांबल्या. मग म्हणाल्या, "पुट मी डाउन अॅज रिफ्यूज्ड."

"सो यू डोन्ट नो?"

"नो, नो. डोन्ट नो इज डिफरंट. आय नो. आय रिफ्यूज."

माझ्या कानांवर हेडसेट होता, लाइनवर कुणीच नव्हतं. मी उठलो नाही. वर्षात दुसऱ्यांदा नोकरी गेली, हे बायकोला सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं. ताईंनी गळ्यातलं कार्ड काढून त्याच्या टेबलावर ठेवलं. जाताना माझ्याजवळ एवढंच म्हणाल्या, "घाई नाही रे."

पुढच्या आठवड्यात ट्रेनमध्ये मोबाइलवर तो आकडा पाहिला. अध्यक्षांची पसंती घसरली म्हणे. मला त्या आकड्यात माझी चार खोटी माणसं उभी दिसली. नंतर मला पुन्हा आयटीत नोकरी लागली. ती चौघं काही गेली नाहीत.

परवा मुलीने युनिव्हर्सिटीच्या असाइनमेंटसाठी विचारलं, "डॅड, तू पोल्सचं काम करायचास ना? आर दे इव्हन रिअल?" मी तिला ताईंबद्दल सांगायला लागलो. बोट, दोन चौकटी, काचेची केबिन. ती म्हणाली, "अँड यू? व्हॉट डिड यू डू?"

त्या रविवारी मी कंपनीला सगळं लिहून कळवलं. चार ओळींचं उत्तर आलं. ताईंच्या नावापुढचा 'खोट्या मुलाखती' हा शेरा काढला आहे, त्यांनाही तसं कळवतो आहोत. आणि त्या चार मुलाखती मोजणीआधीच बाद केल्या होत्या. म्हणजे आकड्याला काहीच झालं नव्हतं. इजा झाली होती ती फक्त त्यांच्या नावाला.

ताई आता मुलाबरोबर मेलबर्नच्या क्रेगीबर्न उपनगरात असतात. नंबर मिळवून फोन केला.

"ताई, ते मी भरलं होतं."

शांतता. फोन कट झाला असं वाटलं. मग लक्षात आलं, त्या थांबल्यायत. माझं अजून पूर्ण झालं नव्हतं.

"आणि मी उठलो नाही. घाबरलो होतो."

"हं. आता झालं पूर्ण," त्या म्हणाल्या. मग नेहमीच्या आवाजात, "इथे लायब्ररीत मुलांना गणित शिकवते. नवं कार्ड मिळालंय. यावर स्पेलिंगसुद्धा बरोबर आहे."

"ताई, मला माफ केलंत?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "म्हणजे हो धरू का?" हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. माझं बोट कधी हवेत गेलं, मलाच कळलं नाही.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "माझा स्टीलचा डबा तुझ्याकडेच आहे ना? घेऊन ये."

पुढच्या शनिवारचं विमान आहे. डबा घासूनपुसून समोर ठेवलाय. रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून काय भरावं ते बायकोला विचारतोय. ती म्हणते, "त्यांनाच फोन करून विचार."