दुसऱ्यांदाही तेवढाच वेळ

कोल्हारचं आमचं दुकान भाड्याने द्यायचं ठरलं, तेव्हा मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली, "पप्पा, तो जुना कॉम्प्युटर आधी भंगारात द्या." मी हो म्हणालो आणि दिला नाही. त्या मशीनशी माझं एक जुनं भांडण मिटायचं राहिलं होतं. चांगलं पळायला लागलेलं मशीन पुन्हा मंद का पडलं, हे मला कधी कळलंच नव्हतं, आणि न कळलेली गोष्ट तशीच सोडून देणं माझ्या स्वभावात नाही. शिवाय खरं सांगायचं तर, बायको गेल्यापासून भांडायला दुसरं कोणी उरलंही नव्हतं.

लग्नपत्रिकांचं दुकान, मनमाड रोडला. टाइप बायको करायची. तिचं माहेर पुणतांब्याचं. टायपिंगची परीक्षा पास होऊनच आमच्या घरात आली होती. बोटं अशी चालायची की गिऱ्हाईक मजकूर सांगायचं विसरून तिच्या हातांकडे बघत बसे. माझ्याकडे प्रुफं, कागद आणि बडबड. कॉम्प्युटर तेव्हाचा, डॉसवाला, मेमरी नावापुरती. एखादी पत्रिका उघडायची म्हटली की हार्डडिस्क खरखर करायची, डब्यावरचा लाल दिवा लुकलुकत राहायचा आणि पडद्यावर गणपती मुकुटापासून हळूहळू खाली उतरायचा. तेवढ्या वेळात मी स्टूल ओढून तिच्याशेजारी बसायचो. भाजी काय, माहेरचं कोण आजारी, मुलीला कुठल्या शाळेत घालायचं, आमच्या संसारातलं निम्मं बोलणं तो दिवा विझायची वाट बघताना झालं.

मग एका मासिकात मी डिस्क कॅशबद्दल वाचलं आणि मला राहवेना. तिला समजावून सांगितलं, "पिठाची कोठी आतल्या खोलीत असते. दर पोळीला तू तिथवर जात नाहीस, छोटा डबा ओट्यावर ठेवतेस. डिस्क म्हणजे कोठी. मेमरीत ठेवलेला डबा म्हणजे कॅश. एकदा आणलेलं दुसऱ्यांदा डब्यातूनच मिळतं."

"अन् लाईट गेली की डबा पालथा," ती म्हणाली.

मला मासिक दोनदा वाचून जे कळलं होतं, ते तिला एका वाक्यात कळलं. आमच्याकडे लाईटचा काय भरवसा? म्हणून सेव्ह केलेलं डब्यात न रेंगाळता थेट कोठीत जाईल असं केलं. डबा केवढा ठेवायचा, यावरून आमची चांगली जुंपली. मी मोठा डबा मागायचो; पण तो मोठा केला की ओटाच भरून जायचा आणि पत्रिकेला जागा उरायची नाही. शेवटी तिचंच माप बरोबर निघालं. मशीन सुरू होताना जी फाइल आधी वाचतं, ती तिने उघडली. मी मासिकातून एकेक अक्षर सांगितलं आणि तिने ती ओळ टाइप केली.

आणि काय सांगू! पहिल्यांदा उघडताना नेहमीचाच वेळ लागला, पण बंद करून तीच पत्रिका पुन्हा उघडली तर टचकन समोर. दिवा लुकलुकलासुद्धा नाही. मी रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर जाऊन सगळ्यांना सांगून आलो. पुढे तिथेच बसायला लागलो. दुकानात वाट बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

एकदा परत आलो तेव्हा तिने विचारलं, "आता तुमी हितं बसायचंच न्हाई का?"

"मशीन पळतंय ना आता," मी म्हणालो.

"व्हय, मशीन लई पळतंय."

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते पुन्हा मंद पडलं. मी व्होल्टेजला शिव्या घातल्या, नगरच्या विक्रेत्याला फोनवर फैलावर घेतलं. तो म्हणाला, मशीन घेऊन या. ऐन लग्नसराईत कोण नेतंय? "ऱ्हाऊ द्या वो," ती म्हणाली, "चालतंय तसं. बसा तुमी." मी धुसफुसत स्टूल ओढलं. नवा कॉम्प्युटर येईपर्यंत मग तसंच चाललं.

आता मुलीने दिलेला लॅपटॉप घरी आहे. तो हाक मारायच्या आत उघडतो, आणि उघडल्यावर करायचं काय, हे मला सुचत नाही. म्हणून परवा दुपारी दुकानात गेलो. जुन्या मशीनवरची धूळ पुसली. आतली बॅटरी कधीच संपलेली, त्यामुळे मशीन आपली डिस्कच विसरलेलं; तिची मापं हाताने भरावी लागली, पण पठ्ठ्या सुरू झाला. एक पत्रिका उघडली. खरखर, दिवा, मुकुट, सोंड. बंद करून पुन्हा उघडली. दुसऱ्यांदाही तेवढाच वेळ.

म्हणजे डबाच नव्हता. इतकी वर्षं व्होल्टेजला नावं ठेवली, पण ती सुरुवातीची फाइल मी कधी उघडून बघितली नव्हती. आता उघडली. कॅशची ओळ जागेवर होती. तिच्या सुरुवातीला फक्त 'rem' एवढं लिहिलेलं. मासिकात तेही दिलं होतं: त्रास झाला तर ओळीआधी ही अक्षरं टाका, मशीन ती ओळ सोडून देईल. अक्षरांनंतर दोन जागा मोकळ्या. स्पेसबार दोनदा दाबायची खोड तिची. प्रुफं तपासताना तिच्यावर मी किती डाफरलो असेन!

"कपटी बाई!" मी मोठ्याने म्हणालो आणि हसू आलं. मग हसू थांबलं आणि रडू आलं. समोरच्या टपरीवर मी गावाच्या गप्पा मारत होतो तेव्हा ती इथे एकटी बसली होती, आता मी बसलोय तशी. तिने तक्रार एकदाच केली. मग मशीन मंद केलं.

ती अक्षरं खोडून मशीन पुन्हा चालू करून बघितलं. दुसऱ्या वेळी पत्रिका टचकन उघडली. मशीनमध्ये कधीच काही बिघडलं नव्हतं.

मग मी ती अक्षरं परत टाकली, दोन जागा सोडून. पुन्हा चालू केलं, पत्रिका उघडली. डिस्क खरखरली, दिवा लुकलुकायला लागला. तिची खुर्ची मोकळी ठेवून मी स्टूल ओढलं.

"बसलोय बघ," मी म्हणालो.