तालुका वेस्ट इंडीज, जिल्हा अमेरिका

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. बी.एस्सी. केमिस्ट्री, वर कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची नोकरी. या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर वाचायचे आणि हसायचे... पांढरी साडी, उलटे पाय, नेहमीचंच. माझ्या अनुभवात पांढरी साडी नाही. हिरवं नऊवारी आहे, आणि ते नेसलेली बाई म्हणजे माझी सख्खी आत्या — तेव्हाही ठणठणीत, आजही ठणठणीत. तरीसुद्धा ते कसं झालं हे मला अजून उलगडलेलं नाही.

डिसेंबर २००३. आमचं घर कोल्हापुरात, कसबा बावड्यात. वडील, म्हणजे आप्पा, साखर कारखान्यातून नुकतेच रिटायर झालेले. आई मी चार वर्षांची असतानाच गेली, त्यामुळे मला वाढवलं ते आत्यानं. आत्याचा आवाज एवढा की ती फोनवर बोलायला लागली की आप्पा म्हणायचे, “आक्का, फोन ठेव की खाली, तसंबी ऐकू जातंय त्यास्नी.”

माझं लग्न ठरलं होतं. मुलगा समीर, पुण्याचा, न्यू जर्सीत सॉफ्टवेअरमध्ये. आम्ही एकमेकांना दोनदा भेटलो होतो, एकदा कांदेपोह्यांना आणि एकदा साखरपुड्याला. दुसऱ्या भेटीत तर आमच्या मध्ये त्याची मावशी बसली होती. लग्न फेब्रुवारीत होतं आणि त्यानंतर व्हिसा झाला की मी तिकडे जाणार होते. पण समीर म्हणजे सगळं आधी बुक करून ठेवणारा माणूस. मे महिन्यातल्या हनिमूनच्या बुकिंगचा विषय त्यानं डिसेंबरातच काढला. त्यानं मेल केली, ‘कॅरिबियनला जाऊ या. इथून ते आपल्या गोव्यासारखंच.’

आमच्या घरात कॅरिबियन कुणाला कळेना. वेस्ट इंडीज म्हटल्यावर मात्र लगेच कळलं.

“वेस्ट इंडीज?” आप्पा म्हणाले. “जावईबापूंना टीममधी घेतलंय काय?”

समीरनं निवडलेल्या रिसॉर्टचे फोटो मी सायबर कॅफेतून प्रिंट काढून आणले. मोठं बेट, चारशे खोल्या, रोज रात्री नाच-गाणी, आणि स्विमिंग पूलच्या मधोमध बार. माणसं पाण्यात स्टुलावर बसून पीत होती. आप्पांनी चष्मा लावून तो फोटो बराच वेळ बघितला.

“आमच्या म्हशी पंचगंगेत बसत्यात तशी बसल्यात की ही!”

मी हसले, पण तो फोटो पालथा घालून ठेवला. चारशे खोल्यांतली ती सगळी हसरी माणसं, आणि त्यांच्यात मी, ज्याला चहात साखर किती लागते हेसुद्धा मला माहीत नाही अशा माणसाबरोबर! मी समीरला लिहिलं, ‘मला शांत जागा हवी.’ त्याचं उत्तर आलं, ‘शांत म्हणजे किती शांत?’ यावर काय लिहायचं ते मला सुचेना, म्हणून मी काहीच लिहिलं नाही. त्याला वाटलं मी फुगले. त्याची पुढची मेल दोन ओळींची होती. ‘तुझा एवढा राग समजत नाही. रविवारी बुक करतोय, हो की नाही सांग. आत्ताच असं असेल तर पुढे कसं व्हायचं?’

ती शेवटची ओळ मला फार लागली. मी चार दिवस सायबर कॅफेकडे फिरकले नाही. पाचव्या दिवशी मी आप्पांना सांगितलं की मला हे लग्न नको. पत्रिका छापून आल्या होत्या. आप्पा मटकन खाली बसले.

आत्या मात्र उभीच होती. “लग्नाचं मागनं बघू,” ती म्हणाली. “आधी कौल लावू.”

आमचं मूळ गाव शाहूवाडी तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. मोठं काही ठरवायचं तर तिथल्या गावदेवीला कौल लावायचा ही आमच्याकडची रीत. गुरव देवीच्या मूर्तीला दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. म्हैस घ्यावी का, मुलाला सायन्सला घालावं का, सगळं देवी सांगते. हनिमूनचं तिला कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. मी नको नको म्हणत होते, पण शुक्रवारी दुपारी आत्यानं मला वडापच्या जीपमध्ये कोंबलं. शेजारी अकरा माणसं आणि एक कोंबडा. समोर आप्पा.

देवळात गुरवमामांनी पाकळ्या भिजवल्या आणि विचारलं, “बोला, काय इचारायचं?”

“पोरगी लगीन झाल्यावर फिराय जाणार हाय,” आत्या म्हणाली. “पावणं म्हणत्यात त्या जागी जावं का न्हाई, ते सांगा म्हणावं.”

“व्हय. गाव?”

“वेस्ट इंडीज.”

“तालुका?”

आत्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “मामा, तिथे तालुका नसतो.”

“तालुका न्हाई?” गुरवमामा थांबलेच. “मग माणसं दाखला काढाय कुठं जात्यात?”

मला आजही याचं उत्तर माहीत नाही.

“पत्ता पुरा लागतो, बाई. मागं एकानं नुसती मुंबई सांगितली. पोरगं लागलं नव्या मुंबईत, रोज खाडी वलांडून येतंय-जातंय.”

“घाला मग,” आत्या म्हणाली, “तालुका वेस्ट इंडीज, जिल्हा अमेरिका.”

तेवढ्यावर मामांचं समाधान झालं नाही, म्हणून मी पर्समधून नकाशाचं प्रिंट काढलं. सायबर कॅफेतलंच, काळंपांढरं, शाई संपत आलेली, बेटांची अर्धी नावं गायब. मामांनी ते देवीच्या पुढ्यात पसरलं आणि खड्या आवाजात सगळा पत्ता सांगून गाऱ्हाणं घातलं.

पाकळ्या हलेनात. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मामांचा आवाज चढत गेला. आप्पा हळूच म्हणाले, “रेंज मिळंना वाटतं.” शेवटची जीप सहाला होती. मी घड्याळ बघितलं, बरोबर साडेपाच. हे साडेपाच लक्षात ठेवा.

आत्या माझ्या शेजारी डोळे मिटून, हात जोडून बसली होती. तिचे ओठ भराभर हलत होते, पण आवाज अजिबात नव्हता... आणि आत्याचा आवाज येत नाही हीच मुळात नवलाची गोष्ट. मी तिला कोपरानं ढोसलं. “आत्या, काय पुटपुटतेस? चल ना, जीप जाईल.”

तिनं डोळे न उघडता माझा हात झटकला. “गप बस गं, बोलू दे मला.”

आणखी मिनिटभरानं पाकळी पडली. उजवी नाही, डावी नाही. देवीच्या मुकुटावर पूजेच्या फुलांतली एक अडकलेली होती, ती सरळ खाली आली आणि नकाशावर चिकटली.

“असला कौल म्या जन्मात बघितला न्हाई,” गुरवमामा म्हणाले.

आप्पा वाकले. “समुद्रात पडलीया. बुडा म्हणतीया देवी.”

त्या दिवसांत पहिल्यांदाच मी मोकळी हसले. आत्यानं मात्र पाकळीसकट कागदाची घडी घातली आणि पोलक्यात ठेवली. घरी येऊन मी ती पाकळी नखानं सोडवली, तर खाली दोन मोठ्या बेटांच्या मधोमध मोहरीएवढा एक ठिपका होता. नाव नाही, गाव नाही. प्रिंटरनं थुंकलेली शाई असेल म्हणून मी झोपले.

तरी सकाळी सायबर कॅफेत गेले. ठिपका खरा आहे का एवढंच बघायचं होतं. आधी इनबॉक्स उघडला, तर समीरची लांबलचक मेल. इंग्रजी अक्षरांतलं मराठी होतं ते, मी साध्या भाषेत सांगते.

‘आज सकाळी सात वाजता तुमच्याकडच्या एका बाईंचा फोन आला. मी चहा टाकला होता. पहिला शब्द ऐकला आणि फोन कानापासून हातभर लांब धरला. त्या म्हणाल्या, पावणं, पोरगी रागावली न्हाई, घाबरली हाय. एवढ्या गर्दीत न्हिऊ नका तिला, आधी वळख तर होऊ द्या. मी म्हटलं, मग कुठे नेऊ? तर म्हणाल्या, नकाशा काढा. दोन मोठ्या बेटांच्या मधी मोहरीएवढा ठिपका हाय बगा, तालुका वेस्ट इंडीज, जिल्हा अमेरिका. मी विचारलं, आपण कोण? म्हणाल्या, पोरीकडची. आणि फोन कट झाला. चहा उतू गेला. मनीषा, तू घाबरली आहेस हे माझ्या लक्षातच आलं नाही. खरं सांगू? मीसुद्धा घाबरलोय. सॉरी. तो ठिपका मी शोधलाय. तिथे एकच गेस्ट हाऊस आहे. चालेल?’

खाली तोच नकाशा आणि त्याच ठिपक्याभोवती लाल गोल.

मी घाबरलेय हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. आप्पांना नाही, आत्याला नाही, मैत्रिणींनाही नाही. मी त्या सायबर कॅफेत, गेम खेळणाऱ्या चार कॉलेजकुमारांच्या मध्ये बसून ढसाढसा रडले. मग डोळे पुसून उत्तर टाईप केलं, ‘चालेल.’

त्यानंतर माझ्यातली केमिस्ट्रीवाली जागी झाली. न्यू जर्सीत सकाळचे सात म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच. त्या वेळी आत्या माझ्या शेजारी होती, कोपर लागेल इतकी शेजारी. आप्पा समोर होते. गावातला एकुलता एक फोन ग्रामपंचायतीत, तो पावसाळ्यापासून बंद. आमच्या घरच्या फोनवरून साधं पुण्याला लागत नव्हतं, अमेरिका सोडाच. समीरचा नंबर माझ्या डायरीत आणि डायरी माझ्या पर्समध्ये. बावड्यातल्या बूथवाल्या चाचांना विचारलं, तर ते म्हणाले, “आक्कानं इथनं फोन केला असता तर माझ्या काचा राहिल्या असत्या काय?”

गुरवमामांना विचारलं, तर ते म्हणाले, “पत्ता पुरा दिला न्हवं? मग पोचतंय.”

आत्याला विचारलं, तर ती माझ्यावरच खेकसली. “मी कशाला फोन करतो? मला शून्य कुठं दाबायचं त्ये तरी म्हाईत हाय काय?”

फेब्रुवारीत लग्न झालं आणि मे महिन्यात आम्ही त्या ठिपक्यावर उतरलो. बेटाचं नाव विचारू नका. एकदा कळलं की कोल्हापुरातून बस भरून निघेल. लाकडी धक्का, दोन दुकानं, एक चर्च आणि उरलेला सगळा समुद्र. इतकी शांतता की पहिल्या संध्याकाळी आम्हाला बोलावंच लागलं, दुसरं करायला काही नव्हतंच. चहात साखर दोन चमचे. आईविषयी मी कुणाजवळ बोलत नाही, ते त्या वाळूत बसून त्याच्याजवळ बोलले. तिसऱ्या दिवशी समीर म्हणाला, “एखादा कोल्हापूरकर भेटला असता तर बरं झालं असतं गं, जरा आवाज तरी झाला असता.”

मग तो त्या फोनवाल्या बाईची नक्कल करायला लागला. वाळूत उभा राहून, काल्पनिक फोन हातभर लांब धरून. मी पोट धरून हसत होते.

“आणि मध्येच ती बाजूला कुणावर तरी ओरडली,” तो म्हणाला. “ते मी मेलमध्ये लिहायचं विसरलो.”

“काय ओरडली?”

समीरनं हात झटकला, अगदी तस्साच.

“गप बस गं, बोलू दे मला!”

माझं हसू तिथल्या तिथे थांबलं.

आत्याला मी त्यानंतर कितीतरी वेळा विचारलं, लाडानं विचारलं, रागावून विचारलं, शपथा घालून विचारलं. गेल्या दिवाळीलाही विचारलं. ती चकल्या पाडत होती. मान वरही न करता म्हणाली, “लागला न्हवं फोन? संसार झाला न्हवं? मग आता बिल कशाला इचारतीस?”