दोन स्टेशनं पुढे

आमचा टेम्पो केमिकल कंपनीच्या कॉलनीच्या गेटकडे निघाला तेव्हा दोन्ही बाजूंच्या क्वार्टर्सची दारं बंद होती. मे महिना होता. एरवी त्या दिवसांत दारं सताड उघडी असायची आणि जिन्यांत पापड वाळत असायचे. शेजारच्या फिलिप अंकलच्या खिडकीचा पडदा एकदा हलला आणि पुन्हा स्थिर झाला. आप्पा ड्रायव्हरशेजारी बसले होते. आई आणि मी मागे, कपाट आणि गाद्यांच्या मध्ये. मी नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती. आपण फार लांब चाललो आहोत असं मला वाटत होतं. खरं तर आम्ही अंबरनाथहून वांगणीला चाललो होतो. दोन स्टेशनं पुढे.

गेल्या महिन्यात कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला, ‘स्मरणिका काढतोय, प्रत्येकाने एक आठवण पाठवावी.’ तुमच्यापैकी कोणी आता कॅनडात आहे, कोणी दुबईत, बरेचसे बदलापूरच्या टॉवरमध्ये माझ्यासारखेच. सगळ्यांनी गणपतीच्या आणि कोजागिरीच्या आठवणी पाठवल्या. माझ्याकडेही त्या आहेत. पण मला ती बंद दारं आधी आठवतात, म्हणून तीच लिहिते.

कॉलनीतलं विठ्ठलाचं देऊळ तुम्हाला आठवत असेल. संध्याकाळी पहिली शिफ्ट जेवून-झोपून उठली की हरिपाठ सुरू व्हायचा. आप्पा टाळ धरायचे आणि त्यांच्या शेजारी प्लँटचे साहेब बसायचे. साहेबांचा आवाज खणखणीत होता. देवळाची फरशी त्यांनीच पुढाकार घेऊन बसवली होती. हरिपाठ संपला की ते सगळ्यांना स्वतः बुक्का लावायचे. प्लँटवर ते साहेब आणि आप्पा ऑपरेटर, पण देवळात दोघं एका सतरंजीवर. आप्पांना याचं फार अप्रूप होतं. “विठ्ठलापुढे ग्रेड नाही,” ते म्हणायचे.

प्लँटवर टाक्या धुवायला ठेकेदाराची माणसं यायची. त्यांत युसूफभाई होते. बुवापाड्यात राहायचे. कधी आप्पांबरोबर घरी आले तर दारातच टेकायचे. आई त्यांना चहा द्यायची, पण काचेच्या वेगळ्या ग्लासात. तो ग्लास धुऊन बाल्कनीत पालथा असायचा. आई सोवळंओवळं पाळणारी होती आणि त्यात काही वावगं आहे असं तेव्हा आमच्यापैकी कोणालाच वाटत नव्हतं. युसूफभाई ग्लास रिकामा करून म्हणायचे, “भाभी, चाय एकदम फर्स्ट क्लास.”

त्या फेब्रुवारीत ते एका टाकीत उतरले आणि परत वर आले नाहीत. आत वायू साठला होता. तोंडाला लावायचा मास्क त्या दिवशी जागेवर नव्हता. युसूफभाई काठावर थांबले होते, आप्पाही म्हणाले होते की मास्क येऊ द्या. साहेब म्हणाले, “पाच मिनिटांचं काम आहे, उतर.” तिथे आप्पा होते आणि फिलिप अंकल होते.

दुसऱ्या दिवशी कंपनीने सांगितलं की युसूफ कोणालाही न विचारता स्वतःहून उतरला. तसा जबाब सगळ्यांनी द्यायचा होता. फिलिप अंकलनी दिला. त्यांची निवृत्ती जवळ आली होती. ठेकेदार हज करून आलेला, पाच वेळा नमाज पढणारा माणूस. तो युसूफभाईंच्या बायकोकडे, रशीदाकडे गेला आणि म्हणाला, अल्लाह की मर्जी थी. असं मागाहून तिनेच आम्हाला सांगितलं.

सरकारी चौकशी अधिकारी आले त्या सकाळी आई ओट्याशी उभी राहून आप्पांशी भांडली. ती कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशी पोळी तव्यावर करपली तरी तिचं लक्ष नव्हतं.

“पोरीची दहावी तोंडावर आलीय. क्वार्टर कंपनीचं आहे. सगळे गप्प बसलेत, मग तुम्हालाच बरा देव आठवला?”

आप्पा चप्पल घालत होते. ते म्हणाले, “देव कुठे आठवला? युसूफ आठवतोय.”

त्यांनी पाहिलं ते सांगितलं. आठवड्याभरात कंपनीने त्यांना घरी बसवलं आणि पुढे कायमचं काढलं. क्वार्टर सोडायला मे अखेरपर्यंतची मुदत मिळाली.

त्या काळात आप्पा रोज देवळात जात होते. त्यांच्या आजूबाजूची सतरंजी रिकामी राहू लागली. लोक वाईट नव्हते, घाबरलेले होते, हे मला आज कळतं. एका संध्याकाळी मीही गेले होते. हरिपाठ संपल्यावर साहेब उठले आणि ओळीने बुक्का लावत आले. आप्पांसमोर क्षणभर थांबले आणि नेहमीसारखा त्यांच्याही कपाळाला लावला. आप्पांनी मान खाली केली. घरी आल्यावर आई संतापली. “त्यांच्या हातून लावून घेतलात?”

“बुक्का विठ्ठलाचा आहे,” आप्पा म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

तर टेम्पो गेटबाहेर पडला. स्टेशनकडे वळणार तोच आईने पुढची काच ठोठावली. “भाऊ, आधी बुवापाड्याला घ्या.” आप्पांनी मागे वळून पाहिलं. त्यांना काही माहीत नव्हतं. भाजीवालीकडून आईला कळलं होतं की रशीदा राहायची ती खोली ठेकेदाराची होती आणि ती त्याने रिकामी करायला सांगितली होती. रशीदाला मूलबाळ नव्हतं. माहेर उत्तर प्रदेशात. आणि ती इद्दतीत होती, म्हणजे नवरा गेल्यावर चार महिन्यांहून थोडे जास्त दिवस बाईने घराबाहेर पडायचं नसतं, ते दिवस. गावी जायचं तरी ते संपल्यावरच.

आई गल्लीत गेली आणि रशीदाला घेऊन आली. तिच्या हातात एक पत्र्याची पेटी होती. टेम्पोत चढताना ती आईला म्हणाली, “भाभी, मेरी वजह से भाईसाब का काम गया. अब मैं किस मुँह से आऊँ?”

“तुझ्यामुळे नाय गेलं,” आई म्हणाली. “तू आत सरकून बस. ऊन लागेल.”

वांगणीची खोली एका बैठ्या चाळीत होती. वर सिमेंटचे पत्रे, त्यामुळे दुपारी आत भट्टी. आईने पहिल्याच दिवशी दोरी बांधून आपली जुनी नऊवारी मधोमध सोडली. पलीकडचा कोपरा रशीदाचा. तिथली फरशी आई रोज स्वतः पुसून द्यायची, नमाजासाठी. पश्चिम कुठली हे आप्पांनी दाखवून ठेवलं होतं. भिंतीतल्या कोनाड्यात आमचा विठोबा. आप्पांनी आपली वळकटी बाहेर व्हरांड्यात नेली. आत येताना ते खाकरायचे आणि उत्तर आल्याशिवाय पाऊल टाकायचे नाहीत. दिवसा एका फार्महाऊसवर ते माळीकाम करत. तो वेगळा ग्लास सामानात आलाच नव्हता. आईने तो मुद्दाम टाकला की विसरली, मी कधी विचारलं नाही. चार पेले होते, चौघं त्यातच चहा प्यायचो.

आठवड्याने चाळीचे मालक आले. तिथलेच शेतकरी, कपाळाला ठसठशीत गंध, गावच्या देवीचे मानकरी. दारात उभे राहून त्यांनी विचारलं, “ही आत कोन हाय? लोकं बोलत्यात, मुसलमानाची बाई ठेवलीय म्हनून.”

मी पडद्याआड रशीदाजवळ बसले होते. तिने माझा हात धरला.

आई शांतपणे म्हणाली, “तिचा नवरा गेलाय. सुतकात आहे. दिवस पुरे झाले की भाऊ येऊन नेईल. सुतकातल्या बाईला बाहेर काढायचं असेल तर तुम्हीच सांगा, मी तिला तसं सांगते.”

मालक म्हणाले, “सुतक हाय तं ऱ्हाऊ दे. सुतकातलं मानूस भायेर नाय काढायचं.” संध्याकाळी त्यांच्या बायकोने सूपभर तांदूळ पाठवले. पुढे चाळीत कोणी काही बोललं नाही.

जूनच्या अखेरीस तिचा भाऊ आला. निघताना रशीदा आईच्या गळ्यात पडून रडली. इतक्या दिवसांत ती कोणासमोर रडली नव्हती.

कोर्टात केस मात्र वर्षानुवर्षं चालली. आप्पा प्रत्येक तारखेला जायचे. एकट्याच्या साक्षीवर काही ठरत नव्हतं. मग एका रविवारी दुपारी फिलिप अंकल वांगणीला आले. निवृत्त झाले होते, खूप वाळले होते. सरळ चर्चमधून आले होते. चहा समोर ठेवून ते म्हणाले, “इतकी वर्षं मी फादरकडे कबूल करतोय. फादर म्हणतात, देव माफ करतो. पण मला झोप लागत नाही.”

आप्पांनी त्यांना ना दोष दिला ना दिलासा. ते म्हणाले, “पुढच्या महिन्यात तारीख आहे. तिथे कबूल करा. मी स्टेशनवर थांबतो.”

आणि फिलिप अंकल आले. कोर्टाच्या पायऱ्या चढताना आप्पांनी त्यांना कोपराला धरलं होतं. त्यांच्या साक्षीनंतर निकाल लागला की युसूफभाईंची चूक नव्हती, त्यांना उतरवलं गेलं होतं. तोवर कंपनी बंद पडली होती. आप्पांची नोकरी काही परत आली नाही. रशीदाला कोर्टामार्फत तिच्या हक्काची भरपाई मिळाली. आईने तिला फोन लावून निकाल सांगितला. मग तिने एवढंच विचारलं, “उनका नाम साफ हुआ ना, भाभी?”

आई आता नाही. आप्पा माझ्याकडे बदलापूरला असतात. कॉलनीच्या जागी सोसायटी उभी राहिली आहे, देऊळ संगमरवरी झालंय. साहेबही गेले. त्यांच्या नावाने स्मरणिकेत एक पान असणार आहे, धर्मनिष्ठ म्हणून, असं ग्रुपवर वाचलं.

हे सगळं लिहून झाल्यावर मी आप्पांना वाचून दाखवलं. त्यात मी साहेबांचं नाव, आडनाव, सगळं घातलं होतं. इतक्या वर्षांनी तेवढं तरी करावं असं मला मनापासून वाटत होतं. आप्पांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, “युसूफचं नाव नीट लिहिलंस ना?”

“हो.”

“मग साहेबांचं काढ. त्यांची नातवंडं आहेत ना तुझ्या त्या ग्रुपवर? त्या पोरांनी काय केलंय?”

मी थोडा वाद घालायच्या बेतात होते. पण ते उठून गॅलरीत गेले होते. मी नाव काढलं.

मला कोणी विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या, तर आप्पांचं गाव सातारा, मग अंबरनाथ, बदलापूर, सगळं सांगता येईल. पण तोंडात येतं ते वांगणी. तिथे आम्ही जेमतेम काही वर्षं राहिलो, पत्र्याखाली, नऊवारीचा पडदा मध्ये धरून. पण घर म्हणजे काय, तिथे कोणासाठी जागा करायची आणि आपण स्वतः किती बाहेर सरकायचं, हे मी तिथे पाहिलं.