मूठभर घोळाणा

ताट पुढं केलं की पोळीच्याही आधी त्यात मूठभर हिरवं पडायचं. "आधी हे," वाढणाऱ्या मावशी म्हणायच्या. नको म्हणालात तर दुसरी मूठ. आमच्या कंपनीच्या कँटीनला जेवलेल्या कुणालाही विचारा, दोनदा नको म्हणायची छाती कुणाची झाली नाही.

ते हिरवं म्हणजे घोळाणा. मेथीची कच्ची पानं, कांदा, शेंगदाण्याचं कूट, तिखट-मीठ, वरून थोडं तेल. कधी मेथीऐवजी कांद्याची पात, कधी मुळ्याचा पाला. आपल्याकडं घरोघरी हेच खायचे की हो! पण चिकलठाण्याच्या कारखान्यात कामाला लागलो आणि आम्ही सगळे वेफर्सच्या पुड्यांवर जगायला शिकलो. मी त्यात सगळ्यांच्या पुढं. कर्मचारी विभागाचा अधिकारी, कँटीन माझ्याच हाताखाली, आणि माझ्याच टेबलाच्या खणात फरसाण.

मावशींचा भाऊ त्यांच्या गावी, पिशोरला, भाजी लावायचा. एका हिवाळ्यात त्या माझ्या केबिनच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, हितं भाजी येती ती तीन दिसांची मरगळलेली. पोरं टाकून देतेत, त्यांचं तरी काय चुकलं? भावाचा टेम्पो रोज मंडईला येतो. दोन गोण्या गेटवर उतरवू का?"

मी म्हणालो, "उतरवा."

"मग एक चिठ्ठी लिहून द्या की."

मी खुर्चीत मागं रेलून म्हणालो, "चिठ्ठी कशाला? मी आहे ना, मावशी!"

दुसऱ्या दिवसापासून गोण्या आल्या. मावशी पहाटेच येऊन भाजी निवडायच्या, तीन पाण्यांनी धुवायच्या. गडी माणसं सुरुवातीला लई कुरकुरली. आमचा एक मिशाळ वेल्डर घोळाणा पापडाखाली लपवायचा. ताटं परत द्यायची खिडकी होती, तिथं मावशी उभ्या असायच्या. एकदा त्यांनी पापड उचलला.

"मी काय शेळी आहे का, मावशी?" वेल्डर म्हणाला.

"शेळीला कधी दवाखान्याच्या रांगेत बघितलंस का रं?"

सगळं कँटीन हसलं. महिनाभरानं तोच वेल्डर दुसऱ्यांदा हात पुढं करायला लागला. पेरूचे, बोरांचे दिवस आले तसे तेही गोणीतून आले. माझं सांगायचं तर खणातलं फरसाण मऊ पडलं आणि मी ते फेकून दिलं. घरी बायकोकडं मेथी मागितली तेव्हा तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला होता.

मग बाहेरून तपासणीची माणसं आली. त्यांनी कँटीन पाहिलं, गोण्या पाहिल्या, मावशींचे उघडे हात पाहिले. कच्चा पाला, कुठून येतो याची नोंद नाही, हातमोजे नाहीत. मोठे साहेब लाल झाले. सगळ्यांसमोर विचारलं, "ही परवानगी दिली कुणी?"

मावशी माझ्याकडं बघत होत्या. माझ्या दाताला तेव्हाही मेथी लागलेली असणार, तासाभरापूर्वीच जेवलो होतो. आणि मी म्हणालो, "मला काही माहीत नव्हतं, सर."

लिहितानाही कानशिलं तापतात. तुम्ही म्हणाल, नोकरी जायच्या भीतीपोटी माणूस बोलून जातो. बोलून जातो खरा. पण मला पुढं दहा मिनिटं होती तोंड उघडायला, नंतर अख्खी दुपार होती. मी शेपूट घालून बसलो.

"साहेबांना काय म्हाईत," मावशी शांतपणे म्हणाल्या. "म्याच आनत होते, माझ्या मनानं."

त्यांना कामावरून कमी केल्याचं पत्र मीच टाइप केलं. त्यांच्या हातात द्यायलाही गेलो नाही, शिपायाकडून पाठवलं.

आणखी ऐका. तपासणीच्या अहवालात घोळाणा बंद करा असं नव्हतंच. पुरवठ्याची नोंद करा, धुण्याची नीट सोय करा, हातमोजे द्या, एवढंच होतं. एक कागद हलवायचा होता. पण तो हलवला असता तर आधीची परवानगी कुणाची, हे पुन्हा निघालं असतं. म्हणून मी तो खाली दाबून ठेवला. नवा ठेकेदार आला, त्याच्याबरोबर पाणचट कोबी आली. ती कोबी कुणी तोंडात घालत नाही.

मागच्या हिवाळ्यात एका सहकाऱ्याच्या घरच्या लग्नाला पिशोरला गेलो. बाजारात मेथीच्या ढिगामागं मावशी बसलेल्या. मला बघून लगबगीनं उठल्या, स्वतःचं पोतं झटकून बसायला दिलं. माफी मागायचीच म्हणून मी बसलो. शब्द जुळवत होतो, तेवढ्यात त्यांनीच विचारलं.

"पोरं हिरवं खातेत ना वो अजून?"

मी तोंड उघडलं ते माफीसाठीच. निघालं ते असं: "खातात की! रोज खातात."

मावशींनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. शेजारच्या भाजीवालीला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "बघ, सांगत नव्हते?" मग माझ्याकडं वळल्या. "त्या दिशी म्या तुमचं नाव येऊ दिलं नाय, ते ह्याच्यासाठीच, साहेब. म्हनलं, म्या गेले तर गेले. साहेब ऱ्हायले तर पोरांच्या ताटात हिरवं ऱ्हाईल."

मी मान डोलावली.

कँटीनच्या उष्ट्याचा ड्रम दुपारी दोन वाजता माझ्या केबिनवरून नेतात. तेव्हा मी दार लावून घेतो.