तेराशे सालचं हॉटेल

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा मी मलकापूर सोडून बुलढाण्याच्या पुढच्या एका गावात शाळेत रुजू झाले. इतिहास शिकवायचे. गावात काळ्या दगडाचं जुनं देऊळ होतं आणि देवळासमोर एक हॉटेल. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, चार बाकं, आलुबोंडे आणि चहा. त्याला नाव नव्हतं. सगळे त्याला 'जुनं हॉटेल' म्हणायचे आणि बसचा कंडक्टरही थांबा आला की हेच ओरडायचा.

बायकांनी पुढच्या बाकांवर बसायची रीत नव्हती. मी मागच्या दारानं चुलीपाशी जायचे. तिथे मालकांची म्हातारी आई पाटावर बसून चहा उकळायची. मला पाहिलं की न विचारता कप पुढे करायची. 'घ्या बाई. पोट्ट्यायवर वरडून घसा बसला असन.' खरंच होतं ते, मी फार ओरडायचे.

एके दिवशी रस्त्यापलीकडच्या हॉटेलवाल्यानं पाटी लावली: 'जुने हॉटेल. स्थापना: पहिले महायुद्ध.' साल त्याला आठवत नव्हतं, लढाई आठवत होती. दुसऱ्या दिवशी बस त्याच्या दारात थांबली. ड्रायव्हर नवा होता, त्यानं पाटी वाचली, त्याचा काय दोष? देवदर्शनाला आलेले उतारू तिथेच चहा प्यायले आणि आमचे आलुबोंडे परातीत गार झाले. आठ दिवस हेच चाललं. आमच्या मालकांचं तोंड एवढंसं झालं. 'बाई, बस तिकडं थांबली म्हंजे आपलं हॉटेल बसलं समजा,' ते म्हणाले.

बुलढाण्याहून बसचे साहेब पुढच्या मंगळवारी येऊन थांबा कुठे ते ठरवणार होते. खरं जुनं हॉटेल कोणतं ते दाखवा, असा त्यांचा निरोप होता. मालक माझ्याकडे आले. 'तुमी इतिहासाच्या बाई. आमचा इतिहास काढून द्या.'

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. शाळेत दुसऱ्यांनी काढलेला इतिहास शिकवावा लागतो. इथे मला कोणी तरी तो काढायला सांगत होतं! वही-पेन्सिल घेऊन मी गावातले झाडून सगळे म्हातारे गाठले. एक म्हणाला, मालकांच्या बापानं प्लेगानंतर काढलं. दुसरा म्हणाला, प्लेगाच्या आधी. तिसऱ्याला कमी ऐकू यायचं; त्यानं मला देवळाचा इतिहास सांगितला, आणि तो छान होता.

तेवढ्यात कल्हईवाला आला. चहा उकळायचं मोठं पितळी पातेलं, म्हणजे गंज, त्यानं चिंच लावून घासलं, तर काठाखाली अक्षरं निघाली. मजकूर मोडीत होता, पण आकडे स्वच्छ. चार आकडी सन, तेराशेनं सुरू होणारा. पुढचे आकडे आता माझ्या ध्यानात नाहीत. तेराशे विसरणं मात्र शक्य नाही.

मोडी मला वाचता येत नव्हती. हे मी कोणाला सांगितलं नाही.

'तेराशे!' मालकांनी बोटांवर मोजलं. 'म्हंजे साडेसहाशे वर्सं झाली का बाई?'

तेव्हा चहा नव्हता एवढं मलाही ठाऊक होतं. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत. मी तिथल्या तिथे सिद्धांत मांडला. देऊळ यादवांच्या काळातलं. ते बांधणाऱ्या पाथरवटांना कोणी तरी जेवू घालत असणारच. हीच ती खानावळ आणि हाच तो गंज! म्हातारी चुलीपाशी लसूण सोलत होती. ती म्हणाली, 'बाई, तो गंज ना...'

'थांबा आजी,' मी म्हटलं, 'महत्त्वाचं चाललंय.'

सोमवारी सकाळी लाल अक्षरांत पाटी लागली: 'मूळ जुने हॉटेल', आणि खाली तो सन. संध्याकाळपर्यंत गाव हसून बेजार. पलीकडच्या हॉटेलवाल्यानं भर रस्त्यात मला विचारलं, 'काऊन बाई, यादव राजे कट चहा घेत का फुल?' शाळेतली पोरं माझ्यामागे 'पाथरवट, पाथरवट' कुजबुजू लागली. मालक मात्र मान खाली घालून बाकं पुसत राहिले, आणि तेच मला जास्त लागलं. उद्या साहेब पाटी वाचून हसत परत जाणार आणि बस कायमची पलीकडे जाणार. सगळं माझ्या दीडशहाणपणामुळे.

मागच्या दारानं गेले आणि चुलीपाशी रडायलाच बसले. म्हातारीनं कप पुढे केला.

'रडता काऊन? तो सन मोगलाईतला हाय.'

'म्हणजे?'

'माहं माहेर मोगलाईतलं, निजामाच्या राज्यातलं. तिकडं फसली सन चाले. तुमचा सन येगळा, त्याईचा येगळा. माहा बाप पटवारी होता. त्यानं लग्नात मले हा गंज आंदन देला, अन् वर माहं नाव घालून देलं. मले वाचता येत नाई, पन बापानं बोट ठेवून वाचून दाखवलं होतं.'

तिनं अक्षरांवरून बोट फिरवत आपलं नाव, बापाचं नाव, गाव, सन, सगळं न अडखळता म्हणून दाखवलं.

फसली! पुस्तकात त्यावर एक ओळ होती. 'परीक्षेला येत नाही' म्हणून दरवर्षी मी ती सोडून द्यायचे. फसली सनात पाचशे नव्वद मिळवले की इसवी सन येतो; मी बोटांवर मिळवले. पहिल्या महायुद्धाच्या दोन वर्षं आधीचं साल आलं.

'आणि हॉटेल कधीचं, आजी?'

'लग्नाच्या दुसऱ्या सालचं. कापसाच्या गाड्या मलकापूरले टेसनावर जात. गाडीवान इथं देवळापाशी बैल सोडत. याच गंजात वरन शिजवून मी त्याईले खाऊ घाले. चहा मंग आला. माह्या लेकाचा बाप पुढं बसे, म्हनून लोक म्हने त्याचं हॉटेल.'

म्हणजे खानावळ होतीच. माझा सिद्धांत फक्त सहाशे वर्षांनी चुकला होता.

'आजी, मी गावभर विचारत फिरले. तुम्ही बोलला का नाहीत?'

'मले कोनी इचारलं का?'

रोज मी तिच्या शेजारी बसून चहा पीत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मुलांना मीच शिकवली होती. तेव्हा लाज वाटली, अजूनही वाटते.

मंगळवारी साहेब आले. ते जालन्याकडचे, म्हणजे मोगलाईतलेच निघाले. पाटी वाचून हसले, पण गंज पुढे ठेवल्यावर म्हणाले, 'अरे, हा तर फसली!' त्यांना मोडीही येत होती. म्हातारीनं सांगितलं होतं तेच त्यांनी अक्षर न् अक्षर वाचलं. मग विचारलं, 'हॉटेल कोणी काढलं?'

मालक जन्मभर 'माह्या बापानं' म्हणत आले होते. त्यांनी मागच्या दाराकडे पाहिलं. 'माह्या मायनं,' ते म्हणाले.

पलीकडचा हॉटेलवाला तिथेच उभा होता. तोही शेवटी बोलला, 'आता खोटं काऊन बोलू? माहा बाप बुढीच्या हातचं वरन खाऊनच हॉटेल काढाले शिकला.' बस आमच्याकडे परत आली.

पेंटरनं पाटी पुसून पुन्हा रंगवली. या वेळी वर म्हातारीचं नाव होतं. मी ते तिला वाचून दाखवलं. तिनं पदर सावरून पाटीकडे नीट पाहिलं. मग आत मागच्या बाजूला न जाता सरळ पुढच्या पहिल्या बाकावर जाऊन बसली आणि मला शेजारी बसवून घेतलं. बाकांवरचे गडी सरकले.

'ए बे,' तिनं लेकाला हाक मारली, 'दोन कट आन. एक बाईले.'

चुलीपासून बाकापर्यंत चहा आला. तिनं बशीत ओतला, एक घोट घेतला आणि तिचं तोंड वाकडं झालं.

'थंडा हाय हा! पुढं येईस्तोवर थंडा होते चहा?' ती सगळ्यांकडे पाहत म्हणाली. 'पन्नास वर्सं पिऊन राह्यले तुमी, अन् मले कोनी सांगितलं नाई?'